चामड्याची मूठ सैल झाली तर आधी आतलं लोखंड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांनी परदेशातून आणलेली सुरी गुहागरच्या घरात माळ्यावर सापडली. मूठ लाकडाची नाही, चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून केलेली आहे. त्या चकत्या आता बोटाने फिरतात आणि मुठीच्या टोकाची लोखंडी टोपी खुळखुळते. टोपीच्या कडेला एक बारीक गोल ठिपका दिसतो. शेजाऱ्यांनी सांगितलं रात्रभर पाण्यात ठेवा, घरातले म्हणाले खोबरेल पाजा, आणि एकाने फटीत झटपट चिकटणारा गोंद सोडायला सांगितलं. यातलं काय करावं?

यातलं काहीच करू नका. कोयते, विळ्या, सुऱ्या यांच्या मुठी बसवण्याचं काम मी तीस वर्षं करतोय. त्यात अशा चामडी मुठी फार नसतात, पण ज्या येतात त्यांतल्या निम्म्या याच तीन उपायांनी बिघडून आलेल्या असतात.

पाण्याचा सल्ला कुठून येतो ते मला कळतं. आपल्याकडे कुदळीचा किंवा कोयत्याचा दांडा हलायला लागला की पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं आणि दांडा घट्ट बसतो. पण फुगलेल्या लाकडाला लोखंडी कडीमुळे बाहेर जायला वाव नसतो, त्यामुळे ते आतल्या आत चेपतं आणि सुकल्यावर पूर्वीपेक्षा बारीक होतं. म्हणून तोच दांडा पुढच्या वेळी लवकर सुटतो. चामड्याचंही हेच होतं. शिवाय ओल्या चामड्याला लागून आतलं लोखंड चार-चार दिवस भिजत राहतं, हे वेगळं. खोबरेल तेल सुकत नाही. ते चामड्यात तसंच राहतं, चकत्या मऊ करतं, आणि मऊ चकती दाबाखाली आणखी बसते. पावसाळ्यात त्याला खवट वास सुटतो. आणि झटपट गोंदाबद्दल माझ्याच हातून झालेली चूक पुढे सांगतो.

आधी ही मूठ कशी असते ते बघू. पात्याचंच लोखंड मागे अरुंद होऊन मुठीच्या आतून थेट टोकापर्यंत जातं. मी त्याला शेपूट म्हणतो. त्या शेपटीत मण्यांसारख्या चामड्याच्या चकत्या ओवतात, दाबून घट्ट करतात, टोकाला टोपी बसवतात आणि मग बाहेरून कानसून मुठीला आकार देतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन सैनिकांना जी के-बार सुरी मिळाली, ती याच पद्धतीची. तिच्याही आधीपासून अमेरिकेत शिकारीच्या सुऱ्यांना अशा मुठी असायच्या. घामेजल्या हातातही चामडं सरकत नाही आणि ठोसा लागला तर लाकडासारखं तडकत नाही, म्हणून ही रचना टिकली. पण ती सगळी टोपीच्या दाबावर उभी आहे. दाब गेला की मूठ गेली.

आणि दाब जायला फार काही घडावं लागत नाही. समजा मुठीत 36 चकत्या आहेत. प्रत्येक चकती मिलीमीटरचा विसावा भाग, म्हणजे 0.05 मिलीमीटर आटली, तर एकूण फट 1.8 मिलीमीटर होते. एवढी फट पडली की मूठ हातात सरळ फिरते. एकेक चकती हातात घेऊन बघितलीत तर बिघाड कशात आहे ते दिसणारच नाही.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. चामडं हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. जून ते सप्टेंबर कोकणात हवा इतकी ओली असते की कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्या दिवसांत चकत्या फुगतात आणि मूठ आपोआप घट्ट वाटते. लोकांना वाटतं, बरी झाली. दिवाळीनंतर हवा सुकली की ती पुन्हा खुळखुळते. म्हणून पावसाळ्यात ही मूठ कधीही आवळायची नाही. फुगलेल्या चकत्यांवर टोपी ठोकलीत तर पौषात तीच सैल झालेली दिसेल. उलट, चकत्या अगदी सुकलेल्या असताना बसवल्या तर पुढच्या पावसात त्या फुगून आणखी आवळतात.

मग सगळे म्हणतात, मे महिन्यात करू, तेव्हा कडक ऊन असतं. इथेच चूक होते. किनाऱ्यावर मे महिना तापलेला असतो, सुका नसतो. दुपारभर खारे वारे समुद्रावरची ओल आत आणतात, म्हणून तर घाम अंगावरून हटत नाही. खरी सुकी हवा मार्गशीर्ष ते माघ, पहाटे सह्याद्रीकडून मतलई वारे येतात तेव्हाची. ओठ फुटायला लागले की चामड्याचं काम काढावं. मी वर्षभराची अशी कामं त्या दोन-अडीच महिन्यांसाठी राखून ठेवतो.

उघडण्याआधी टोपी कशी धरलेली आहे ते ओळखावं लागतं. काही मुठींत शेपटीच्या टोकाला आटे असतात आणि नट फिरवून टोपी आवळलेली असते. काहींत शेपटीचं टोक टोपीतून बाहेर काढून रिबिटासारखं ठोकून पसरवलेलं असतं. तिसऱ्या प्रकारात टोपीतून आणि शेपटीतून आरपार एक आडवी पिन जाते. तुम्ही लिहिलेला तो गोल ठिपका म्हणजे बहुतेक ही पिनच आहे. दुसऱ्या बाजूलाही तसाच ठिपका आहे का ते बघा. असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण ही मूठ काही न मोडता उघडता येते.

पात्यावर जाड कापड गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. हे आधी, मग बाकी सगळं. चामड्याच्या कामात हात कापतो तो नेहमी घट्ट काहीतरी एकदम सुटल्यावर. पिनेवर रॉकेलचा एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. थेंब म्हणजे थेंबच, चामड्याला लागू देऊ नका. सकाळी पिनेपेक्षा किंचित बारीक पंच लावून हलक्या हाताने ठोका. हलत नसेल तर दुसऱ्या बाजूने ठोकून बघा, काही पिना एकाच दिशेला निघतात.

टोपी काढण्याआधी अजून एक काम, आणि ते विसरलात तर पुढे दोन दिवस फुकट जातील. मुठीच्या एका बाजूवर पेन्सिलने वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारा. चकत्या काढल्यावर कितीही मिसळल्या तरी ती रेघ जुळवत गेलात की प्रत्येक चकती आपल्या जागी आणि आपल्या तोंडाने परत बसते. इतक्या वर्षांत त्या चकत्यांना हाताचा आकार आलेला असतो, मधल्या चकत्या बोटांखाली झिजलेल्या असतात. क्रम चुकला तर मूठ दातेरी होते आणि ती सरळ करायला पुन्हा कानसावी लागते. म्हणजे आजोबांच्या हाताची खूण आपणच पुसून टाकायची.

चकत्या काढल्या की शेपूट दिसेल. मी ज्यासाठी एवढं सांगतोय ते हेच. तरुणपणी माझ्याकडे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूने अशीच एक सुरी आली होती. मी ती उघडली नाही. फटीत पातळ गोंद सोडला, मूठ दगडासारखी घट्ट झाली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. दोन पावसाळ्यांनी मूठ पात्यापासून तुटून आली. आत शेपटीची जाडी निम्मीसुद्धा उरली नव्हती. मीठ आणि ओल आधीच आत होती, मी ती वरून बंद करून टाकली. सैलपणा हे त्या सुरीचं दुखणं नव्हतं, ती आतलं दुखणं सांगत होती, आणि मी तिचं तोंड बंद केलं. त्या दिवसापासून उघडून बघितल्याशिवाय मी एकही चामडी मूठ आवळलेली नाही.

गंज का चढतो तेही सांगतो. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं आणि ते आम्ल असतं. त्यात खाऱ्या हवेतलं मीठ मिसळलं की लोखंडाला चोवीस तास खाज सुटलेलीच असते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई करत, तीही टॅनिन आणि लोखंड यांच्या मिलाफातूनच होते. तुमच्या चकत्यांच्या भोकाभोवती काळे डाग दिसतील, तो तोच प्रकार आहे. काळ्या डागांना घाबरू नका. लाल, पापुद्रे सुटणारा गंज असेल तर काळजी करा. तो आधी रापीच्या, म्हणजे चांभाराच्या चामडं कापायच्या हत्याराच्या, पाठीने खरवडा, मग 120 नंबरचा पॉलिश पेपर मारा. चिंच, कोकमाचं आगळ, व्हिनेगर यांनी गंज सुटतो हे खरं, पण शेपटीच्या खाचांत उरलेलं आम्ल नंतर तेच काम पुन्हा सुरू करतं. मी ते वापरत नाही. लोखंड चकचकीत व्हायची गरज नाही, पापुद्रे गेले आणि बोटाला पूड लागेनाशी झाली की पुरे. शेपूट नखाने टोचून भुसभुशीत लागली, किंवा कुठे अर्ध्याहून जास्त खाल्ली गेली असेल, तर ती सुरी वापरायची राहिली नाही. तिची मूठ हलकी बसवून घरात जपून ठेवा. साफ शेपटीवर मी मधमाशांचं मेण गरम करून पातळ पुसतो. हा थर चामडं आणि लोखंड यांना वेगळं ठेवतो.

आता नव्या चकत्यांचं चामडं. जुन्या चकत्या शाबूत असतील तर त्या सगळ्या ठेवायच्या आणि भर म्हणून दोन-चार नव्या घालायच्या. यासाठी बाजारातलं बॅगांचं किंवा जॅकेटचं मऊ चामडं चालत नाही. ते बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं, दाबलं की स्पंजासारखं बसतं आणि सोडलं की पुन्हा वर येतं. ओळखायला सोपं आहे: कापलेली कड निळसर-करडी दिसली तर क्रोमचं, आरपार तपकिरी दिसली तर सालीचं. मला हवं असतं ते चामडं घाटावर मिळतं. कोल्हापुरी चपलांचे तळ म्हशीच्या कातड्याचे असतात, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले. ते कडक असतं, कापताना रापीला विरोध करतं आणि दाबाखाली जेवढं बसायचं तेवढं बसून थांबतं. फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो की चपलांच्या कारागिरांकडून तळाच्या कात्रणांची पिशवी भरून आणतो. एका मुठीला हातभर चामडंसुद्धा लागत नाही, त्यामुळे कात्रणंच बरी. तुमच्या गावातल्या चांभाराकडे जुन्या पद्धतीचा तळ शिवायचं चामडं असेल तर तेही उत्तम. साडेतीन मिलीमीटरच्या आसपास जाडी बघा.

चकती मुठीपेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलीमीटर मोठी कापा, नंतर कानसून बरोबर करता येते. मधलं भोक मात्र शेपटीपेक्षा किंचित लहानच हवं. दोन टोकांना ड्रिलने बारीक भोकं पाडा, मधला भाग धारदार पात्याने कापा आणि चकती जोर लावून शेपटीत उतरवा. सहज उतरली तर ती फिरणार. दाणेदार बाजू सगळ्यांची एकाच दिशेला ठेवा. नव्या चकत्या मध्ये घालू नका, टोपीच्या बाजूला घाला. तिथे हात कमी घासतो आणि जुन्या चकत्यांचा ओळीने आलेला आकार तुटत नाही.

दाबण्याचं काम घाईचं नाही. हातोडीने चकत्या ठोकून बसवता येतात असं वाटतं, पण ठोक्याने कडा पसरतात आणि मधला भाग तसाच राहतो. मी शेपटीवर बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडा घेतो आणि सुताराच्या क्लॅम्पने हळूहळू आवळतो. पाइप चकत्यांवर, दुसरं टोक मुठीपुढच्या आडव्या पट्टीवर. पात्याच्या टोकावर क्लॅम्प कधी लावू नका. आवळून एक रात्र ठेवा. सकाळी क्लॅम्प सैल लागेल, कारण चामडं रात्रीतून आणखी बसलेलं असतं. तेव्हा आणखी एक चकती. पुन्हा रात्र. टोपी नुसत्या हाताने ठेवली असता पिनेचं भोक शेपटीच्या भोकाच्या मिलीमीटरभर वर राहिलं पाहिजे, आणि क्लॅम्प आवळल्यावरच ते जुळलं पाहिजे. तो एक मिलीमीटर म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा दाब. त्याहून जास्त ठेवलात तर पिन वाकते.

गोंदाबद्दल माझं मत पक्कं आहे. चकत्या-चकत्यांमध्ये गोंद नको. फक्त पहिली चकती जिथे लोखंडी पट्टीला टेकते आणि शेवटची जिथे टोपीला टेकते, तिथे सावकाश सुकणाऱ्या अॅराल्डाइटचा पातळ थर लावा. पाणी आत शिरतं ते याच दोन जागांतून. बाकीची मूठ पुढे कधीतरी कुणालातरी पुन्हा उघडावी लागणार आहे, त्याच्यासाठी ती मोकळी ठेवायची.

टोपी ठोकून पसरवलेली असेल आणि उघडण्यासारखी नसेल, तर एक मधला मार्ग आहे. जुन्या चकत्या एका बाजूला सरकवून फट एकत्र करायची, तेवढ्या जाडीची चकती कापायची, तिच्या भोकापासून कडेपर्यंत एक चीर द्यायची आणि ती बाजूने शेपटीवर चढवायची. दोन बसवल्या तर चिरा समोरासमोर आणू नका, एक वर, एक खाली. इथे मात्र चिरेत गोंद लागतोच. हा उपाय करण्याआधी फटीतून उजेड टाकून शेपूट जेवढी दिसेल तेवढी बघून घ्या.

सगळं बसलं की आकार. नव्या चकत्यांच्या बाहेर आलेल्या कडा आधी खरबरीत कानसीने, मग 80, 120 आणि 220 च्या पॉलिश पेपरने उतरवा. फक्त नव्याच. मग किंचित ओलसर गोणपाटाने जोरात घासा, चामडं गरम होऊन कडा चकाकायला लागतात. नव्या चकत्यांचा रंग फिका दिसेल. रंग लावू नका, वर्षभरात हाताच्या घामाने त्या जुन्यांशी मिळतात.

शेवटचा लेप. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल दोन भाग आणि मधमाशांचं मेण एक भाग. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. कोमट असताना फडक्याने मुठीवर चोळा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाका, आठवड्याने एकदा पुन्हा. जवसाचं तेल खोबरेलासारखं ओलं राहत नाही, हवेने घट्ट होतं, म्हणून ते घ्यायचं. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते स्वतः तापतं आणि पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

ओली मूठ चुलीवर किंवा हीटरसमोर धरू नका, उकळत्या पाण्याजवळही नको. सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना 75-80 अंशांच्या पुढे गेलं की आक्रसतं आणि कडक, ठिसूळ होतं. ते परत मूळ रूपात येत नाही.

म्यान असेल तर सुरी त्यात घालून ठेवू नका. चामड्याचं म्यान ओल धरतं आणि पात्यावर गंजाचे टिपके पाडतं. पितळी भाग असेल तर चामड्यातल्या तेलाने त्यावर हिरवट चिकट कळंक धरतो, तो कोरड्या कापडाने पुसला की जातो. सुरी सुती कापडात, म्यान वेगळं. पावसाळ्यात बुरशी आली तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा. मेणाचा हात वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि गणपती गेल्यावर.

आत्ता श्रावण चालू आहे, तेव्हा तुम्ही एवढंच करा: मूठ कोरडी पुसा, टोपीच्या दोन्ही बाजूंचे ठिपके नीट बघा, आणि सुरी कापडात गुंडाळून घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवा. या दिवसांत ती घट्ट वाटली तरी हात लावू नका. मार्गशीर्षात पिन काढलीत की शेपटीची रुंदी आणि जाडी, पट्टीजवळ आणि टोपीजवळ, अशी दोन ठिकाणी मोजून मला कळवा. कोल्हापूरची कात्रणं माझ्याकडे आहेत. त्या मापाच्या सहा चकत्या कापून ठेवतो.